गुप्तधन आणि संदर्भ

२०२५ च्या मार्च महिन्यात मध्य प्रदेशातील असीरगडाच्या परिसरातून एक बातमी आली आणि बहुतेकांनी ती हसून वाचली. बुऱ्हाणपूर जिल्ह्यातील या किल्ल्याजवळच्या शेतांत गावकरी रात्रीच्या अंधारात विजेऱ्या, कुदळी आणि चाळण्या घेऊन माती उकरीत होते. काहींच्या हाती मेटल डिटेक्टरही होते. महामार्गाच्या कामात निघालेल्या मातीत मोगलकालीन सोन्याची नाणी सापडतात, अशी वदंता पसरली होती. ‘छावा’ हा हिंदी चित्रपट त्याच वर्षी १४ फेब्रुवारीला प्रदर्शित झाला होता. संभाजीराजांची १६८१ मधील बुऱ्हाणपूरची स्वारी आणि त्या शहराची श्रीमंती त्यात ठळकपणे येते. चित्रपट शिवाजी सावंत यांच्या कादंबरीवर बेतलेला. तेव्हा मराठी कादंबरीतून हिंदी चित्रपट आणि चित्रपटातून कुदळ, अशी साखळी वृत्तपत्रांनी जोडली. ती काटेकोरपणे तशीच असेल असे नाही. खणायला निघालेल्या माणसाला गरिबी हे कारणही पुरेसे असते. तरीही साहित्य शिकणाऱ्या-शिकवणाऱ्यांनी ही बातमी हसून बाजूला सारू नये, असे मला वाटते. इतिहास म्हणजे कुठेतरी पुरून ठेवलेले सोने, आणि तो ‘सापडणे’ म्हणजे ते सोने हाती लागणे, ही समजूत त्या गावकऱ्यांनी एकट्यांनी निर्माण केलेली नाही. ती आपल्या भाषेत आहे, आपल्या कादंबऱ्यांत आहे आणि, पुढे दिसेल त्याप्रमाणे, आपल्या कायद्यातही आहे.

भाषेपासून सुरुवात करू. ‘गुप्तधन’ या एका शब्दाभोवती मराठीत केवढा तरी पसारा आहे. मोहरांचा हंडा, त्यावर बसलेला नाग, अमावास्येची रात्र, मांत्रिकाने सांगितलेला उतारा, आणि जमिनीखालचे धन ज्याला दिसते असे मानले जाते तो पायाळू, म्हणजे पायांकडून जन्मलेला माणूस. या पसाऱ्याची काळी बाजूही विसरता येत नाही. परभणी जिल्ह्यातील मानवत येथे १९७२ ते १९७४ या काळात जे हत्यासत्र घडले, त्याच्यामागे अपत्यप्राप्तीबरोबर गुप्तधनाचीही लालसा होती. महाराष्ट्रातील २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत धनाच्या शोधासाठी केल्या जाणाऱ्या अघोरी कृत्यांचा वेगळा उल्लेख करावा लागला, यावरून ही लालसा किती खोल मुरलेली आहे ते कळते. मेटल डिटेक्टरने पायाळूची जागा घेतली ही सुधारणाच म्हणायची; निदान कोणाचा बळी तरी जात नाही. परंतु यंत्र बदलले म्हणून कल्पना बदलली असे होत नाही. जमिनीत धन असते, ते ज्याला दिसते त्याचे असते, आणि ते बाहेर काढले की काम संपते, ही ती कल्पना. ते धन कोणी, केव्हा, कशासाठी आणि कशाच्या शेजारी ठेवले होते, हा प्रश्न तिच्यात उद्भवतच नाही.

यंत्राची घडणही या कल्पनेला पोषक आहे. डिटेक्टरच्या टोकाशी तारेचे वेटोळे असते. त्यातून उलटसुलट दिशेने वाहणारा विद्युतप्रवाह सोडला की भोवती बदलते चुंबकीय क्षेत्र तयार होते. जमिनीतल्या धातूत त्यामुळे भोवऱ्यासारखे बारीक प्रवाह निर्माण होतात आणि त्यांची चाहूल यंत्राला लागते. कानात आवाज वाजतो. सामान्य हातयंत्राला नाण्याएवढी वस्तू वीतभर किंवा त्याहून थोड्या अधिक खोलीवर कळते. टेलिफोनशी ज्याचे नाव जोडले जाते त्या अलेक्झांडर ग्रॅहॅम बेलने १८८१ मध्ये असेच एक यंत्र अमेरिकेचे अध्यक्ष जेम्स गारफिल्ड यांच्या शरीरातली गोळी शोधण्यासाठी वापरले होते. गोळी सापडली नाही. पलंगातील धातूच्या स्प्रिंगांनी घोटाळा केला, असे त्याचे एक कारण सांगितले जाते. दुसऱ्या महायुद्धात पोलिश अधिकारी योझेफ कोसात्स्की यांनी सैनिकाला हाती धरून चालता येईल असे सुरुंगशोधक यंत्र घडवले आणि १९४२ मध्ये एल अलामेनच्या लढाईत ते उपयोगी पडले. युद्धानंतर ही विद्या छंदिष्टांच्या हाती गेली.

या यंत्रात एक सोय असते, तिच्याकडे साहित्याच्या अभ्यासकाने विशेष लक्ष द्यावे. निरनिराळ्या धातूंचा प्रतिसाद निरनिराळा असल्यामुळे नको असलेल्या धातूंचा आवाज बंद करून ठेवता येतो. हौशी शोधक बहुधा सर्वप्रथम लोखंड बंद करतो. खिळे, नाल, फाळाचे तुकडे यांनी त्याचे कान किटतात. गंमत अशी की शीतपेयाच्या डब्याची ॲल्युमिनियमची कडी आणि सोन्याची अंगठी यांचा आवाज पुष्कळदा सारखाच येतो, त्यामुळे सोन्याच्या आशेने कडी खणून काढावी लागते. मात्र लोखंडाला तेवढीही संधी मिळत नाही. या मुद्द्याकडे मी पुन्हा येणार आहे.

आता संदर्भाविषयी. एम. ए. च्या वर्गात पाठचिकित्सा शिकवताना आपण विद्यार्थ्यांना सांगतो की सुट्या पानाला फारसा अर्थ नसतो. जुन्या दप्तरखान्यातले कागद रुमालात बांधलेले असतात. एखादा कागद कोणत्या रुमालात, कोणत्या कागदांच्या मध्ये होता, यावरून त्याचा काळ, त्याचा हेतू, कधी कधी त्याचा लेखकसुद्धा ठरवता येतो. तोच कागद रद्दीच्या दुकानात सुटा सापडला तर अक्षर तेच असते, शाई तीच असते, मजकूर तोच असतो. तरी त्याची साक्ष निम्म्याने कमी झालेली असते. मातीचे तसेच आहे. जमिनीचे थर हा रुमाल आणि वस्तू हा कागद. फरक इतकाच की दप्तरातला रुमाल जपून सोडता येतो आणि पुन्हा बांधताही येतो. मातीचा रुमाल एकदाच सुटतो.

इंग्लंडमधले एक उदाहरण पाहू. १६ नोव्हेंबर १९९२ रोजी सफक परगण्यातील हॉक्सन या गावी एरिक लॉज नावाचे गृहस्थ आपल्या शेतकरी मित्राचा हरवलेला हातोडा डिटेक्टरने शोधत होते. त्यांना चांदीचे चमचे आणि सोन्याचांदीची नाणी लागली. काही वस्तू वर काढल्यावर ते थांबले आणि अधिकाऱ्यांना कळवण्यात आले. दुसऱ्या दिवशी पुरातत्त्वज्ञांनी उरलेली जागा शास्त्रशुद्ध रीतीने उकलली. सुमारे पंधरा हजार रोमन नाणी आणि दोनशेच्या आसपास इतर मौल्यवान वस्तू निघाल्या. परंतु ब्रिटनमधील रोमन काळाच्या अखेरीविषयी हा ठेवा जे सांगू शकतो, ते केवळ नाण्यांच्या संख्येमुळे नव्हे. लॉज थांबले, म्हणून वस्तू कशा रचल्या होत्या ते कळले. लाकडी पेटी कुजून गेली होती, पण तिचा आकार, तिच्यातल्या लहान पेट्या, भांडी एकमेकांवर घासू नयेत म्हणून वापरलेले गवत आणि कापड यांच्या खुणा मिळाल्या. इसवी सन ४०७ नंतर केव्हातरी, रोमन सत्ता मावळत असताना, कोणीतरी आपला संसार किती निगुतीने बांधून पुरला होता, हे त्या रचनेतून दिसते. ज्याला पुन्हा परतायचे असते तोच असे बांधतो. ही गोष्ट सोन्याने सांगितलेली नाही, गवताने सांगितली आहे. आणि गवताचा आवाज कोणत्याही यंत्राला येत नाही. शेतकऱ्याचा तो हातोडाही सापडला आणि ठेव्याबरोबर ब्रिटिश म्युझियममध्ये गेला.

याच्या उलट नेब्राचे. जर्मनीतील सॅक्सनी-अनहाल्ट राज्यात नेब्राजवळच्या मिटेलबर्ग टेकडीवर १९९९ च्या जुलैमध्ये दोघांनी बेकायदा डिटेक्टर फिरवला. त्यांना कांस्याची एक तबकडी सापडली. तिच्यावर सोन्याच्या पत्र्यात चंद्र, तारे आणि आणखी काही आकाशचिन्हे बसवली होती. घाईत खणताना तिच्या कडेला घाव बसला. तलवारी आणि इतर वस्तूंसह ती एकतीस हजार मार्कांना विकली गेली आणि हस्ते परहस्ते फिरत राहिली. २००२ मध्ये स्वित्झर्लंडमधील बाझल येथे सापळा रचून पोलिसांनी ती हस्तगत केली. तलवारींच्या आधारे तिचा काळ इसवी सनपूर्व १६०० च्या सुमाराचा धरला जातो. आता प्रश्न असा की तलवारी आणि तबकडी एकाच खड्ड्यात होत्या, हे कशावरून? चोरांच्या जबानीवरून, आणि वस्तूंना चिकटलेली माती व त्यांतील धातू यांच्या तपासणीवरून. २०२० मध्ये रुपर्ट गेबहार्ड आणि रुडिगर क्राउझ या दोन अभ्यासकांनी नेमका हाच दुवा नाकारला आणि तबकडी लोहयुगातली, म्हणजे सुमारे एक हजार वर्षांनी अलीकडची असावी, असे मांडले. इतर तज्ज्ञांनी ते खोडून काढले. बहुसंख्य अभ्यासक आजही जुनाच काळ मानतात. तरी हा वाद संभवला तोच मुळी खड्डा नीट पाहिला गेला नाही म्हणून.

हजार वर्षांची असली अनिश्चितता आपल्याकडेही आहे, आणि तिच्यात कोणाची चोरी नाही. अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर, जिल्ह्यात प्रवरेच्या काठी दायमाबाद आहे. १९७४ मध्ये तेथे एका भिल्ल शेतकऱ्याला झाडाचे मूळ खणताना चार कांस्यशिल्पे सापडली. बैलजोडीचा रथ हाकणारा पुरुष, हत्ती, गेंडा आणि रेडा. चारही मिळून वजन साठ किलोहून अधिक. भारतीय धातुशिल्पाच्या इतिहासातली ही असामान्य घटना. शिल्पे उत्तर हडप्पा काळातील मानली जातात. परंतु ती थरांच्या उत्खननातून आलेली नसल्यामुळे, आणि त्यांच्या धातूतील आर्सेनिकचे प्रमाण त्या काळच्या इतर वस्तूंशी जुळत नाही म्हणून, काही अभ्यासकांनी ती बरीच नंतरची ठरवली आहेत. पुढे सां. आ. साळी यांच्या नेतृत्वाखाली तेथे मोठे उत्खनन झाले, पण त्या एका खड्ड्याची मूळ अवस्था पुन्हा मिळवता येणे शक्य नव्हते. त्या शेतकऱ्याला दोष देण्याचे कारण नाही. तो सरपण काढत होता, पुरावा उकरत नव्हता. त्याच्या शेजारी, ‘थांब, जागा तशीच राहू दे, आधी कोणाला तरी दाखवू,’ असे सांगणारी व्यवस्था नव्हती.

यावरून यंत्रच वाईट, असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. अमेरिकेतील मोंटाना राज्यात लिटल बिगहॉर्न नदीच्या काठी २५ जून १८७६ रोजी कस्टरची तुकडी लकोटा, शायेन आणि त्यांच्या मित्र जमातींशी लढताना पूर्ण कापली गेली. गोऱ्या अमेरिकेने तिची शौर्यगाथा केली: टेकडीवर अखेरपर्यंत एकदिलाने झुंजणारे मूठभर वीर. लढाईत प्रत्यक्ष असलेल्या जमातींच्या माणसांनी काही वेगळे सांगितले होते, पण त्यांच्या तोंडी साक्षींना इतिहासकारांनी पुरेसे वजन दिले नाही. १९८३ मध्ये वणव्याने तेथील गवत जळाले. १९८४ पासून डग्लस स्कॉट आणि रिचर्ड फॉक्स यांनी ओळीत माणसे उभी करून त्या मैदानावर डिटेक्टर फिरवले. आवाज आला की तेथे निशाण रोवायचे, वस्तू उचलण्याआधी तिची जागा मोजून नोंदवायची, असा त्यांचा शिरस्ता होता. काडतुसाच्या कोशावर बंदुकीच्या टाचणीची खूण उमटते. त्या खुणांवरून एकेक बंदूक ओळखता आली आणि ती मैदानात कुठून कुठे गेली तेही कळले. जमातींच्या लढवय्यांजवळ भराभर बार काढणाऱ्या रायफली मोठ्या संख्येने होत्या, आणि कस्टरच्या सैनिकांची फळी काही ठिकाणी लवकर मोडली होती, असे चित्र फॉक्स यांनी मांडले. ते जमातींच्या साक्षींशी पुष्कळ जुळते. शतकभर न ऐकलेल्या साक्षीदारांना या यंत्राने दुजोरा दिला. यंत्र तेच, फरक पडला तो निशाणामुळे. बाजारात त्या काडतुसांना कवडीचीही किंमत आली नसती.

येथे लोखंडाचा मुद्दा पुन्हा घेतो. लोखंडाचा आवाज बंद करणारा शोधक केवळ कटकट टाळत नसतो. कोणाचा इतिहास ऐकायचा हेही तो नकळत ठरवत असतो. सोने दरबाराचे आणि सावकाराचे. लोखंड कुणब्याचे, लोहाराचे, शिपायाचे, घोड्याचे. आपली ऐतिहासिक कादंबरी वाचताना आपण याहून वेगळे काय करतो? जिरेटोप, तलवारी, खजिना, सिंहासन यांचा आवाज आपल्याला स्पष्ट ऐकू येतो. त्याच पानावर रसद वाहणारे बैल, छावणीतले भिस्ती, गडाची दगडी वाहणाऱ्या बाया यांचा उल्लेख असला तरी आपल्या कानातली कळ तो बंद करून टाकते. सावंतांच्या किंवा आणखी कोणाच्या कादंबरीवर हा आरोप नाही. आरोप आहे तो वाचनाच्या सवयीवर, आणि तो आपण शिक्षकांनी स्वतःपासून दूर ठेवू नये. आठ गुणांच्या प्रश्नासाठी ‘तेजस्वी’ उतारे निवडून, बाकीचा मजकूर पाल्हाळ म्हणून टाकून द्यायला विद्यार्थ्याला आपणच तर शिकवतो. कादंबरीतून तेवढी चमकदार वाक्ये उपटून घेणारा वाचक आणि शेतातून तेवढी नाणी उपटून घेणारा शोधक हे एकाच शाळेचे विद्यार्थी आहेत.

आता कायदा. भारतात जमिनीतील ठेव्याचा मूळ कायदा १८७८ चा आहे. दहा रुपयांहून अधिक किमतीचे काही सापडले तर सापडणाऱ्याने कलेक्टरला कळवावे, असे तो सांगतो. ठेव्याला जुना धनी नाही असे ठरले, आणि सापडणारा व जागेचा मालक यांच्यात वेगळा करार नसेल, तर तीन चतुर्थांश वाटा सापडणाऱ्याला आणि एक चतुर्थांश मालकाला मिळतो. सरकारला तो ठेवा हवा असेल तर सरकारने किती द्यायचे? वस्तूतील द्रव्याची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा. म्हणजे दायमाबादसारख्या शिल्पाचे मोल या हिशेबाने कांस्याच्या भावाच्या सव्वापटीलाही पोचत नाही. सोनाराच्या काट्याची आणि या कलमाची भाषा एकच आहे. असा कायदा असताना, चौकशीच्या धास्तीने नाणी वितळवून टाकणाऱ्या माणसाला आपण कोणत्या तोंडाने अडाणी म्हणणार? १९५८ आणि १९७२ च्या कायद्यांनी संरक्षित स्थळे आणि पुरावस्तूंचा व्यापार यांवर निर्बंध घातले, ते योग्यच झाले. पण नांगरटीत, विहिरीच्या खोदकामात, रस्त्याच्या जेसीबीत जे वर येते, त्याच्या जागेची नोंद कोणी आणि कशी करायची, याचे उत्तर गावातल्या माणसाला त्यांत मिळत नाही.

इंग्लंडने याच प्रश्नाला ठेच लागल्यावर उत्तर शोधले. सरे परगण्यातील वॉनबरो येथील रोमनकालीन देवळाची जागा १९८० च्या दशकात डिटेक्टरवाल्यांनी रात्री खणून लुटली. जुन्या कायद्यात, परत नेण्याच्या हेतूने पुरलेले सोनेचांदीच सरकारजमा होई. देवाला वाहिलेली नाणी त्यात बसवणे अवघड होते. त्या प्रकरणातून १९९६ चा ट्रेझर ॲक्ट आला. त्यासोबत १९९७ पासून, ‘खजिना’ न ठरणाऱ्या साध्या वस्तूंचीही स्वखुशीने नोंद करून घेणारी योजना सुरू झाली. स्थानिक अधिकारी शोधकाला भेटतो, वस्तू पाहतो, जागा नकाशावर टिपतो आणि साधी वस्तू असेल तर परत देतो. पंधरा लाखांहून अधिक वस्तू अशा नोंदल्या गेल्या आहेत. ‘ट्रेझर’ ठरलेल्या वस्तूचे बक्षीस बाजारभावाने ठरते आणि सामान्यतः शोधक व जमीनमालक यांच्यात विभागले जाते.

या व्यवस्थेवर गंभीर आक्षेप आहेत. बक्षिसामुळे खणण्याला उत्तेजन मिळते, आणि नोंदलेल्या वस्तूंपेक्षा न नोंदलेल्या किती हे कधीच कळत नाही, असे तेथील काही पुरातत्त्वज्ञ म्हणतात. आपल्याकडे तर डिटेक्टर मोकळे सोडा असे सुचवणे मूर्खपणाचे ठरेल. २०२५ मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला; त्यांच्या मातीवर हौशी यंत्रे फिरणे म्हणजे उरलेसुरले रुमाल रस्त्यावर सोडण्यासारखे आहे. माझा आग्रह यंत्राच्या परवान्यासाठी नाही. इंग्रजांकडून घ्यायची ती नोंदीची सवय, खणण्याची नव्हे. मातीतून अपघाताने वर आलेल्या वस्तूची माहिती निर्धास्तपणे देता यावी, मोबदला धातूच्या भावावर ठरू नये, आणि वस्तूबरोबर तिच्या जागेची नोंद तालुक्याच्या पातळीवर व्हावी, एवढीच ही मागणी आहे.

सरकार हे करील तेव्हा करील. तालुक्याच्या गावी महाविद्यालय असते, त्यात मराठीचा आणि इतिहासाचा विभाग असतो, आणि वर्गात बसलेली निम्मी मुले शेतकऱ्यांची असतात. लोकसाहित्याच्या प्रकल्पासाठी ती ओव्या आणि उखाणे जमवतात, तेव्हा गायिकेचे नाव, गाव आणि प्रसंग टिपायला आपण त्यांना सांगतोच. तीच वही बांधावरच्या खापरासाठी, नांगराला अडकलेल्या गंजक्या नालासाठी उघडता येईल: काय सापडले, कोणत्या शेतात, किती खोल, शेजारी काय होते. वस्तू हलवायची नाही, खणायचे नाही, फक्त लिहायचे आणि जाणत्याला कळवायचे. त्यासाठी डिटेक्टर लागत नाही. लागते ती एकच गोष्ट: जागेची माहिती ही वस्तूइतकीच मौल्यवान असते, हे पटलेले असणे. आणि वाक्याचा अर्थ त्याच्या आगेमागे असलेल्या वाक्यांवाचून लागत नाही, हे ज्यांना रोज शिकवावे लागते, त्यांना ते पटायला फार वेळ लागू नये.